एवढं काय आहे त्यात?

रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागला, त्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात चहाबरोबर एक प्रश्न फिरत होता : "एवढं काय आहे त्यात?" त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातले परीक्षक मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते, ही बातमी सर्वांना ठाऊक होती. चित्रपट मात्र कक्षात बसलेल्या सातांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता. मते तरीही तयार होती. एकाचे म्हणणे असे, की दोन पुरुषांच्या प्रेमाचा विषय म्हटल्यावर परदेशात बक्षीस ठेवलेलेच. दुसऱ्याचे म्हणणे, खेडे दाखवले, मृत्यू दाखवला, कॅमेरा हलवला नाही, की झाला महोत्सवाचा चित्रपट. तिसऱ्या बाई काहीच बोलल्या नाहीत; त्या फक्त हसल्या, आणि ते हसणे पहिल्या दोघांच्या मतांपेक्षा अधिक निर्णायक होते.

आम्हीही हसत होतो. हसता हसता ध्यानात आले, की हा प्रश्न या कक्षात रूढ केला तो आम्हीच. गाजलेल्या चित्रपटाला मिळालेले कौतुक रास्त की अवाजवी, हे चहा संपायच्या आत सांगून टाकण्याची विद्या आम्हाला अवगत आहे. गेली वीस वर्षे आम्ही ती निष्ठेने वापरली, आणि तिच्या पायी एक जुना मित्र जवळजवळ गमावला. ती हकीकत सांगायची आहे. पण आधी ही विद्या आमच्या अंगी कशी मुरली, तेही सांगणे भाग आहे.

"एवढं काय आहे त्यात" या प्रश्नाची मराठीत अनेक रूपे आहेत. 'कौतुक जरा जास्तच झालं नाही का?', 'बरा आहे, पण एवढा नाही', 'डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं काही नाही'. या सर्व वाक्यांत एक गोष्ट समान आहे : ती चित्रपटाविषयी नसतात, चित्रपटाच्या कौतुकाविषयी असतात. बोलणारा हातात तागडी घेऊन उभा असतो. एका पारड्यात बक्षिसे, वृत्तपत्रांतले तारे, शेजाऱ्यांचे उद्गार असा ऐवज पडतो. दुसऱ्या पारड्यात चित्रपट टाकायचा राहूनच जातो. पारडे कलायचे ते कलतेच.

आपल्याकडे वृत्तपत्रांनी या लेखनासाठी 'परीक्षण' हा शब्द रूढ केला आणि आम्हा मास्तर मंडळींना तो फारच मानवला. परीक्षा म्हटली की आमचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. आस्वाद, रसग्रहण हे शब्दही याच भाषेत आहेत. पण ते वर्गात शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत परीक्षण करायचे, अशी आमची वाटणी. वर्गात आम्ही 'सहृदय' या संकल्पनेवर दोन तासिका घेतो. कक्षात आलो की तेच आम्ही, आणि तोंडी "एवढं काय आहे त्यात?"

या विद्येचा आमचा पहिला मोठा प्रयोग २००४ सालचा. संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. त्यानंतर मराठी चित्रपटाला तो मान पुन्हा लाभायला पन्नास वर्षे जावी लागली. पुढे 'श्वास' ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. तिकडे चित्रपटाचा प्रचार करायला लागणारा पैसा त्याच्या कर्त्यांपाशी नव्हता, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. आमच्या महाविद्यालयातही डबा फिरला. आम्ही त्यात पन्नास रुपये टाकले आणि वाङ्मय मंडळात 'श्वास'वर पाऊण तास बोललो. त्या भाषणाची टिपणे मागे एका वहीत सापडली. 'मराठी' हा शब्द त्यांत चौदा वेळा आला आहे. परशुराम हे त्या मुलाचे नाव एकदाही आलेले नाही.

जानेवारी २००५ मध्ये ऑस्करची अंतिम नामांकने जाहीर झाली आणि त्यांत 'श्वास' नव्हता. महिन्याभरात कक्षातला सूर पालटला. 'तसा साधाच होता म्हणा.' 'भाबडा होता.' 'आपणच डोक्यावर घेतला.' आम्हीही मान डोलावली. पहिले मत अभिमानाचे होते, दुसरे हिरमोडाचे. आणि या दोन मतांच्या मधल्या काळात आम्ही तो चित्रपट पुन्हा पाहिलेला नव्हता. ज्याच्या योग्यतेविषयी आम्ही दोनदा निकाल दिला, तो पुरावा दोन्ही वेळा न्यायालयात हजरच नव्हता.

पुन्हा पाहिला तो कितीतरी वर्षांनी, एका रविवारी दुपारी, कुणाला काही सांगायचे नसताना. कोकणातून नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात आलेले आजोबा. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. डॉक्टर साने हे सांगतात ते घाईत, तोडून, त्यांच्या शास्त्राच्या भाषेत. आजोबांना ते कळत नाही. भाषा परकी म्हणून कळत नाही, आणि कळून घ्यायचे नाही म्हणूनही कळत नाही. या दोघांच्या मध्ये आसावरी नावाची समाजसेविका उभी असते : एकाचे वाक्य उचलून दुसऱ्याच्या आवाक्यात आणून ठेवणारी. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला खरे काय ते सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. ते सांगायचे कुणी आणि कोणत्या शब्दांत, हा या चित्रपटाचा खरा पेच. आम्ही पोटासाठी भाषा शिकवतो. रुग्णालयातल्या भाषेविषयीचा हा चित्रपट आम्ही २००४ मध्ये 'मातीचा गंध' आणि 'मायेचा गहिवर' यांत गुंडाळला, आणि २००५ मध्ये त्याच गाठोड्याला 'भाबडा' अशी चिठ्ठी चिकटवली. आजही त्यातले काही प्रसंग आम्हाला गरजेपेक्षा अधिक समजावून सांगणारे वाटतात. पण हे मत आता आमचे आहे. ते कोणत्या ठिकाणी उभे आहे, हे आम्ही बोट ठेवून दाखवू शकतो.

त्यानंतर दहा वर्षांत आम्ही शहाणे झालो; म्हणजे अभिमानाची जागा संशयाने घेतली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात होरायझन्स विभागातले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि पहिल्या चित्रपटासाठीचे, अशी दोन पारितोषिके मिळाली. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. एप्रिल २०१५ मध्ये तो लागला तेव्हा आम्ही कामानिमित्त पुण्यास गेलो होतो. तिथेच संध्याकाळचा खेळ पाहिला. आत शिरतानाच आमच्या मनात एक वाक्य तयार होते : हा परदेशी लोकांसाठी काढलेला चित्रपट असणार.

ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना शेवट आठवत असेल. सुट्टीपूर्वीचा न्यायालयाचा शेवटचा दिवस संपतो, माणसे निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळोखा होतो. तो काळोख बराच वेळ टिकतो. आमच्या खेळाला आलेले अर्धेअधिक लोक या काळोखात उठले, पिशव्या सावरल्या आणि खुर्च्यांच्या रांगांमधून बाहेर येऊ लागले. आम्हीही उठलो. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. तेच न्यायाधीश आता सहलीला आले होते. नातलगांत बसून गप्पा मारत होते. माणसे जिथल्या तिथे थबकली. पुन्हा बसावे तर संकोच, जावे तर चित्रपट चालू. परिणामी चित्रपटाचा अखेरचा भाग आम्ही पंचवीस-तीस माणसांनी मधल्या वाटेत उभे राहून पाहिला : बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश, त्यांना ओरडून दचकवणारी पोरे, आणि त्यांतल्या एका पोराच्या गालावर बसलेली चपराक. बाहेर पडताना आमच्यामागचे गृहस्थ म्हणाले, "काही होतच नाही यात. बक्षीस कसलं दिलं?" आम्ही मान डोलावली. मान डोलावणे हा आमचा जुना आजार आहे.

पण त्या रात्री परतीच्या बसमध्ये 'परदेशी लोकांसाठी' हे आमचे तयार वाक्य काही केल्या चित्रपटाला बसेना. गटार साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूबद्दल एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्याने त्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप. मृताची बायको साक्ष देते, आणि तिच्या तुटक उत्तरांतून कळत जाते की गटारात प्राणवायू आहे की नाही, हे तो झुरळ दिसते का यावरून ठरवत असे. हे सांगताना तिचा आवाज चढत नाही. कॅमेराही पुढे सरकत नाही. सरकारी वकील बाई संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीला घरच्यांसोबत मराठी नाटक पाहतात. त्या नाटकात परप्रांतीयांवर विनोद होतात आणि प्रेक्षागृह खदखदून हसते. बचावाचा वकील एकटा मोठ्या दुकानातून वाइन आणि चीज घेऊन घरी जातो. एका बाईने बाह्या नसलेला पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकायलाच नकार देतात. यातले परदेशी प्रेक्षकाला किती पोचले असेल? कोण कोणत्या मराठीत बोलते, कोण हिंदीत वळते, कोण इंग्रजीचा आडोसा घेते, त्या नाटकातले हसू कोणत्या घरांतून आले आहे, हे ओळखायला इथलाच माणूस हवा. आम्हाला सारे पोचले होते. पोचले म्हणूनच ते नकोसे झाले, आणि त्या नकोशा वाटण्याला आम्ही 'परदेशी' असे नाव देऊन मोकळे होऊ पाहत होतो. त्या शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, गेले. बातमी वाचली तेव्हा आम्हाला आधी तो चित्रपटगृहातला काळोख आठवला आणि मग उठण्याची आमची घाई.

आता त्या मित्राची हकीकत. तीही त्याच दिवसांतली.

आमचा हा मित्र मिरजेचा. नाव सांगत नाही. महाविद्यालयात एका बाकावर बसलो. पुढे आम्ही साहित्याकडे आलो आणि तो गाण्याकडे गेला. एकोणीस वर्षे तो शिकला. नोकरी बँकेत, पण पहाटेचा रियाज कधी चुकला नाही. तालुक्याच्या गावी सकाळच्या बैठकी, गणेशोत्सवातली एखादी संध्याकाळ, कुणाच्या वास्तुशांतीला तासभर, असे त्याचे गाणे चालले. आम्ही अनेकदा ऐकले. सुरेल होते. मग चाळिशीच्या सुमारास त्याने एकाएकी गाणे थांबवले. का, ते आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. मिरजेच्या कारागिराने बनवलेला त्याचा तानपुरा गवसणीत घालून कपाटाशी उभा असतो. त्याच्या घरी गेलो की आम्ही तिकडे न पाहण्याचा शिष्टाचार पाळतो.

ताम्हाणे यांचा दुसरा चित्रपट 'द डिसायपल' ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत तो होता. २००१ च्या 'मान्सून वेडिंग'नंतर त्या स्पर्धेत निवडला गेलेला हा पहिलाच भारतीय चित्रपट. तिथे त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले, शिवाय आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचेही. अल्फान्सो क्वारोनसारख्या दिग्दर्शकाचे नाव निर्मितीशी जोडलेले. म्हणजे आमच्या तागडीचे एक पारडे आधीच जमिनीला टेकलेले होते. बाहेर शहर बंद, रोज कुणाची ना कुणाची बातमी. अशा एका रात्री आम्ही तो घरी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मित्राचा दूरध्वनी आला.

"पाहिलास?" त्याने विचारले.

"पाहिला. बरा आहे रे. पण एवढं काय आहे त्यात? थंड आहे. आणि मुळात ज्याच्यात ते नाहीच, त्याची गोष्ट दोन तास कशाला बघायची? आपल्याला काय त्याचं?"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "हं. बरोबर आहे." नंतर लशीची चौकशी झाली, कुणाला प्राणवायूचा सिलिंडर मिळाला ते बोलणे झाले, आणि त्याने दूरध्वनी ठेवला. पुढचे आठ महिने त्याने स्वतःहून एकदाही संपर्क साधला नाही. आम्ही केला तर उत्तरे येत. नेमकी, सभ्य, छोटी. दिवसच तसे आहेत, अशी आम्ही मनाची समजूत घातली. ती सोयीची होती.

डिसेंबरात एका लग्नात तो भेटला. जेवणे झाल्यावर मांडवाबाहेर उभे असताना त्याने विषय काढला, तो असा : "तू म्हणालास, 'आपल्याला काय त्याचं'. आपल्याला म्हणजे कुणाला रे? मला धरून, की मला सोडून?"

इतर काही भाषांना 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद करता येत नाही, हे आम्ही वर्गात मोठ्या कौतुकाने सांगत असतो. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'त तो असतो. हा भेद इतक्या स्पष्टपणे आम्हाला कधी कुणी शिकवला नव्हता. आम्ही काही बोललो नाही. मग तोच बोलत राहिला, रागावून नव्हे. एखादी बंदिश उलगडून सांगावी तसा.

"तुला तो थंड वाटला. त्यातला शरद रात्री बसून स्वतःच्या गाण्याच्या व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचतो, आठवतं? एकाला उत्तर लिहायला घेतो आणि खोडून टाकतो. तिथं मी टीव्ही बंद केला. अर्ध्या तासानं परत लावला. आणखी एक सांगतो. शरद बेसूर गात नाही. तो चांगला गातो. नुसता चांगला. बेसूर गाणं कुणीही दाखवील; 'नुसतं चांगलं' दाखवणं किती अवघड आहे, कळतंय का तुला? ते गाणाऱ्याला जमलं पाहिजे, लिहिणाऱ्याला जमलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याला, ज्याला गाण्यातलं काही कळत नाही अशालाही, ते कळलं पाहिजे."

आम्हाला गाण्यातले काही कळत नाही. पण त्याचे म्हणणे कळले. त्या आठवड्यात आम्ही 'द डिसायपल' पुन्हा पाहिला.

चित्रपट सुरुवातीलाच एका स्पर्धेचा निकाल ऐकवतो आणि त्यात शरद नेरूळकरचे नाव येत नाही. बक्षीस न मिळण्याविषयीच्या या चित्रपटाविषयी आम्ही फक्त त्याच्या बक्षिसांवरून बोललो होतो. शरद रात्रीच्या मुंबईत मोटारसायकलवरून जातो आणि कानांत माईंची व्याख्याने असतात : गाणे, साधना, तपश्चर्या. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही दिवस आधी त्या गेल्या. गुरुजींच्या भूमिकेत जयपूर घराण्याचे गायक अरुण द्रविड आहेत. शरद साकारणारे आदित्य मोडक हेही शिकलेले गवई. पहिल्या खेपेस आम्हाला गुरुजींच्या चेहऱ्यावर काही दिसले नव्हते. आता दिसले, की मैफलीत शिष्य जागा घेतो तेव्हा ते ना मोडता घालतात, ना दाद देतात. आणि शिष्य सबंध वेळ त्या चेहऱ्याकडे चोरून पाहत असतो. थंडपणा म्हणून आम्ही जे टाकून दिले होते, ती दाद न मिळण्याची वर्षानुवर्षांची हवा होती. दिग्दर्शक आणि छायालेखक तिला अंतरावरून, न ढवळता, जपतात.

सर्वांत अवघड गेला तो जाणकाराचा प्रसंग. दुर्मिळ ध्वनिमुद्रणे जमवणारा एक संग्राहक शरदसमोर बसून मोठमोठ्या कलावंतांविषयी एकामागून एक मते सांगतो : हा असा होता, ती तशी होती. बोलता बोलता माईंवर येतो. शरद ऐकतो, ऐकतो, आणि शेवटी पेल्यातले पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. तो संग्राहक खोटे बोलतो की खरे, हे चित्रपट सांगत नाही. त्याच्या मतांना अनुभवाचा आधार असू शकेल. त्याच्यापाशी नाही ते एवढेच, की समोर कोण बसले आहे आणि हे शब्द त्याच्यात कुठे जाऊन पडत आहेत, याचे भान. आम्ही दूरध्वनीवर होतो म्हणून आमच्या तोंडावर पाणी आले नाही.

आणखी एक कबुली इथे द्यायला हवी, कारण तिच्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. तिशीपर्यंत आमच्या नऊ कथा दिवाळी अंकांत आल्या. दहावी आली नाही. वाईट नव्हत्या त्या. नुसत्या चांगल्या होत्या. 'ज्याच्यात ते नाहीच' हे वाक्य आम्ही त्या रात्री कुणासाठी तयार ठेवले होते, हे आता वेगळे सांगायला नको. मित्र नेमका त्याच्या वाटेत आला.

याचा अर्थ गाजलेल्या चित्रपटापुढे हात जोडून उभे राहावे, असा आम्ही घेत नाही. निवाडा करणे आम्ही सोडलेले नाही. सोडले तर शिकवण्याचा धंदाच बंद करावा लागेल. पारितोषिक म्हणजे तरी काय? त्या वर्षी, त्या महोत्सवात, समोर आलेल्या चित्रपटांतून काही थोड्या माणसांनी चर्चा करून एकाला निवडलेले असते. तो तुलनेचा निर्णय आहे, आणि ज्यांच्याशी तुलना झाली ते बाकीचे चित्रपट आपण बहुधा पाहिलेलेही नसतात. त्या निर्णयावर अपील चालवण्याचा अधिकार कक्षातल्या चहाला नाही. आपल्यापुढे असतो तो फक्त हा चित्रपट आणि आपण. त्याच्याविषयी जरूर कठोर बोलावे. 'द डिसायपल'विषयी आमच्या दोन तक्रारी दुसऱ्यांदा पाहिल्यावरही टिकल्या. अखेरीस शरदच्या आयुष्यात पत्नी आणि मुलगी आलेल्या दिसतात. पण ती पत्नी म्हणजे जवळजवळ सावलीच. या माणसाबरोबर राहणे कसे असेल, हे तिच्याकडून आम्हाला कळायला हवे होते. दुसरी तक्रार, दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेतून चमकत जाणाऱ्या मुलीचा धागा. साधना एकीकडे आणि बाजार दुसरीकडे, अशी ती मांडणी या चित्रपटाच्या मानाने सोपी वाटते. या दोन्ही तक्रारी आम्ही मित्रापुढे ठेवल्या. पहिली त्याने मान्य केली; थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "माझ्या बायकोलाही हेच वाटलं." दुसरी त्याने साफ झिडकारली. त्या मुलीचे सुरुवातीचे गाणे तू नीट ऐकलेलेच नाहीस, असे त्याचे म्हणणे. असेलही. त्यावर आमचे अजून पटलेले नाही, आणि न पटण्याला आता आठ महिन्यांची शांतता जोडलेली नाही.

'पात्र' हा शब्द मोठा मजेचा आहे. कौतुकाला पात्र, असे आपण कृतीविषयी म्हणतो. पण पात्र म्हणजे भांडेही. आणि पाहणाराही एक भांडेच असतो. ते आधीच काठोकाठ भरलेले असेल, अभिमानाने, संशयाने, नाहीतर स्वतःच्या जुन्या दुखण्याने, तर वरून ओतलेले बाहेरच सांडणार. सांडलेल्याकडे बोट दाखवून 'यात काही नव्हतंच' म्हणणे सोपे असते. आम्ही ते 'श्वास'च्या वेळी दोनदा, 'कोर्ट'च्या वेळी एकदा आणि 'द डिसायपल'च्या वेळी फार महागात केले.

'साबर बोंडं' आम्ही आणि आमच्या मित्राने त्याच आठवड्यात बरोबर पाहिला. वडील गेल्यानंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि गावात राहिलेला, शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या. नातेवाईक आनंदच्या लग्नाचा विषय पुनःपुन्हा काढतात. त्याची आई सारे जाणून आहे. त्याचे एका मुलीने मन मोडले, अशी एक गोष्ट तिने लोकांना सांगण्यासाठी रचून ठेवलेली आहे. बाहेर पडल्यावर 'कसा वाटला' हे आम्ही एकमेकांना विचारले नाही. बसस्थानकाकडे चालताना मित्र एवढेच म्हणाला, "त्या आईला कधीपासून माहीत असेल रे? आणि ती गोष्ट तिनं पहिल्यांदा कुणाला सांगितली असेल?" यावर दोघांनी बरेच तर्क लढवले. त्याची बस सुटेपर्यंत ते संपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कक्षात प्रश्न तयारच होता. "पाहिलात म्हणे! मग, एवढं काय आहे त्यात?" आम्ही त्या आईच्या खोट्याविषयी सांगितले, बाकी काही नाही. हसणाऱ्या बाई त्या दिवशी हसल्या नाहीत. त्या शनिवारी जाऊन चित्रपट पाहून आल्या आणि सोमवारी म्हणाल्या, की त्यांना तो आवडला नाही. का आवडला नाही, हे त्यांनी दोन प्रसंग घेऊन सांगितले. ते आम्हाला पटले नाही. आम्ही तिसरा प्रसंग काढला. तासिकेची घंटा झाली तेव्हा आमच्यासमोरचा चहा तसाच होता, आणि बाई दारातून मागे वळून अजून बोलत होत्या.